पऱ्हाटीचा चिमटा अन् मुंबईची पुस्तकं

मुंबईहून आले ते आमचे हे अंगणात पाय ठेवायच्या आधीच ओरडले, "न्हाई सापडला! कुठंच न्हाई!" मी हातातली परात तिथंच टाकली अन् लहान पोरीसारखी नाचायला लागले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोकरदनजवळच्या आमच्या खेड्यात कपाशी वेचून झाली की पऱ्हाट्या उपटायचं काम बायकांचं. वाळकं खोड दोन्ही हातांनी ओढायचं, तळहात सोलून निघायचे. मला त्याचा असा संताप यायचा, की एका वर्षी लोहाराकडून लांब दांड्याचा, दातेरी जबड्याचा चिमटाच करून घेतला. खोड जबड्यात धरा, दांडा खाली दाबा, पऱ्हाटी मुळासकट वर! पहिली निघाली तेव्हा मी रानात एकटीच टाळ्या पिटत होते.

हे शाळामास्तर. म्हणाले, "याचं पेटंट घेऊ, तुझ्या नावावर." माझ्या नावावर! तोवर माझ्या नावावर साधी शेळीसुद्धा नव्हती. पण असा चिमटा आधी कुणी काढलाय का, ते शोधावं लागतं. म्हणून पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ह्यांनी मुंबई गाठली अन् पेटंट कचेरीतली देशोदेशीची पुस्तकं उपसली.

"मंग आता पेटंट कधी येतंय?" अंगणात नाचता नाचताच मी विचारलं.

ह्यांचा आवाज उतरला. चांगली बातमी आधी ओरडून टाकली होती, वाईट मागं ठेवली होती. "अर्ज लिहून घ्यायला तिथल्या वकिलाकडं गेलो, त्यानं अजून एक विचारलं. अर्जाआधी हा कुणी वापरलाय का? मी ऐटीत सांगितलं, निम्मा तालुका वापरून राह्यला! त्यानं पेनच खाली ठेवला. म्हणाला, पुस्तकात फक्त छापलेलं सापडतं. शिवारात उघड्यावर चाललेलं तिथं दिसत न्हाई, पण त्यानंबी नवेपणा संपतो. आता पेटंट न्हाई मिळायचं."

"अहो, पण तो माझाच हाय ना!"

"तुझा असला तरी."

माझं डोकंच फिरलं. मी तर चिमटा फक्त शेजारणींना दिला होता. तालुकाभर नेला कुणी? ह्यांनी ओसरीकडं बघितलं. तिथं सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. लग्न झाल्यापासून या बाईनं माझ्या भाकरीलासुद्धा कधी बरी म्हटलं नव्हतं.

"आत्याबाई, तुम्ही?"

"हो, मी!" त्या उसळल्या. "दर बाजाराला भोकरदनला नेला. दिसंल त्या बाईच्या हातात दिला, म्हटलं असा करून घे. माझ्या सुनेनं काढलाय, डोकं बघा तिचं! असं अख्ख्या बाजारात सांगत फिरले. मंग काय घरात लपवून ठेवायचा व्हता?"

भांडायला तोंड उघडलं अन् मला रडूच फुटलं. इतका आनंद मला त्या चिमट्यानंही दिला नव्हता.

"रडती कशाला?" शेंगांचं सूप बाजूला सारत त्या म्हणाल्या, "त्या वकिलाला म्हणावं, पुस्तकात काय हुडकतो? बाजारात ये अन् कुणालाबी विचार, चिमटा कुणाचा म्हणून. बराबर माझ्या सुनेचंच नाव सांगतील."