न कापलेली पानं

बर्फाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा माणूस घरी येऊनही बर्फातच जाऊन बसतो, याचं काकूंना लग्नानंतर हसू यायचं. मग राग येऊ लागला, आणि पुढे सवय झाली.

फिटरकाकांना ध्रुवावर गेलेल्या माणसांच्या जुन्या पुस्तकांचा नाद. रद्दीवाल्यांकडून, लिलावातून, कुठून कुठून आणायचे. बैठकीतली दोन कपाटं भरली होती. शिवाय बिस्किटांचा एक गंजका डबा, हाताने काढलेला नकाशा आणि कुणा खलाशाचा उजव्या हाताचा लोकरी मोजा.

"डाव्या हाताचा कुठाय?" पाहुणे हमखास विचारत.

"तो अजून तिकडंच आहे," काकू सांगत. "हे जातील एखाद्या दिवशी आणायला."

सगळ्यात लाडकं पुस्तक एका जहाजावरच्या डॉक्टरांनी लिहिलेलं. पूर्वी मोठे कागद दुमडून पुस्तक शिवत, आणि जोडलेल्या कडा वाचणाऱ्याने सुरीने मोकळ्या करायच्या. या पुस्तकाच्या कडा शंभर वर्षांत कुणी कापल्याच नव्हत्या, म्हणून ते दुर्मीळ. काका पानं खालून हळूच फुगवत, आत बारीक बॅटरी धरत आणि एक डोळा मिटून वाचत. शिवणीकडची अर्धी वाक्यं दिसायचीच नाहीत. जहाज बर्फात अडकलं, चौघेजण मदत आणायला पायी निघाले, इथवर त्यांना कळलं होतं. पुढचा कागद जाड. फुगवला तर फाटला असता. ते चौघे परतले की नाही, हे एकवीस वर्षं काकांना ठाऊक नव्हतं.

काकू रोज डोळे मिटून घरच्यांसाठी मागणं मागत, त्यात या चौघांचीही भर पडली होती.

"अगं, शंभर वर्षं झाली त्यांना!" काका हसत.

"देवाला काय त्याचं?" काकू म्हणत.

यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोघांसमोर स्पष्टच सांगितलं. काकांची नजर उतरत चालली आहे. वाचण्यापुरती वर्षभर टिकली तरी नशीब. परतताना काका जिन्यात कठडा धरून उतरले. घरी येऊन त्यांनी ते पुस्तक मांडीवर घेतलं, बॅटरी लावली, पुन्हा विझवली.

"कापा ना आता," काकू म्हणाल्या.

"कापलं की चारचौघांसारखं पुस्तक झालं. असं दुसरं मिळायचं नाही."

"नसू दे. तुम्हाला कळायला नको का?"

काकांनी जोडलेल्या कडांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी पातळ सुरी मागितली. नेमका स्क्रू बोटांनी चाचपून ओळखणारा तो हात, पण कडेवर सुरी काही टेकेना. त्यांनी ती काकूंपुढे धरली.

"तू काप."

"मी? फाटलं तर जन्मभर ऐकवाल."

"ऐकवीनच. बस इथे."

काकूंनी हात धुऊन कोरडे केले, मनात देवाचं नाव घेतलं आणि सुरी घडीत घातली. कागद करकरला. बारीक पांढरा भुगा साडीवर पडला. काकांनी डोळे गच्च मिटून घेतले.

काकूंना इंग्रजी वाचायची सवय कमी, शब्दांवर बोट ठेवून त्या वाचू लागल्या. अकराव्या दिवशी जहाजाच्या स्वयंपाक्याला लांबवर ठिपके दिसले होते. तीनच. पुस्तकातल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, की जहाजावर कुणी कुणाकडे बघेना. काकूंचं बोट शब्दावरच थांबलं.

"थांबू नकोस," काका म्हणाले.

"तीन माणसं जवळ आली..." काकूंनी पान उजेडाकडे वळवलं. "अहो! चौथा एकाच्या पाठीवर होता. जिवंत होता!"

काकांचे खांदे हलत होते. काकूंनी एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

"मदत मिळाली का त्यांना?" काकांनी विचारलं.

"ते पुढच्या घडीत असेल. सरका जरा, सुरी तुमच्याखाली गेली."