बाई सपाट वाचतात

दर रविवारी वेल्ह्यातनं सकाळची एसटी धरायची, कापूरहोळला उतरायचं, आन भोरची गाडी येईस्तोवर ढाब्यावरच्या गिऱ्हाइकांच्या नकला करत उभं ऱ्हायचं. भोरात एक रिटायर झालेल्या मराठीच्या बाई हायत. त्या एका टायमाला एकालाच लिहायला शिकवतात. त्यांच्याकडं जायचो म्या.

पयले तीन महिने लई भारी गेले. बाई म्हणायच्या, "वाच." म्या वाचायचो म्हंजे काय, तहसीलमधला शिपाई काढायचो, कंडक्टर काढायचो, चुलतीचं नाकातनं बोलणं काढायचो. बाई चष्मा काढून डोळं पुसायच्या. म्या म्हणलं, झालं, लेखक झालो आपण.

मग एका रविवारी बाईंनी हात पुढं केला. "दे इकडे. आज मी वाचते."

आन त्यांनी लाईटबिल वाचावं तसं सपाट वाचलं. कागदावर आमची चुलती म्हणत हुती, "मला याविषयी काहीही ठाऊक नाही." शिपाई म्हणत हुता, "कृपया आपण उद्या यावे." तो शिपाई जन्मात कुणाला कृपया म्हणला न्हाई! पण शाळेत 'न्हाई' लिहिलं की सर कान पिळायचे. तवापास्नं हातात पेन आला की समद्या गावाला इस्त्रीच होती. वाचताना मग म्या तोंडानं परत चुरगाळायचो.

"ही तुझी चुलती?" बाई म्हणल्या. "ही तर ग्रामपंचायतीची नोटीस आहे."

"थांबा बाई, म्या आवाजात वाचून दावतो."

"गप. पुस्तकाबरोबर घरोघरी तू जाणार आहेस का?"

कागद घ्यायला पुढं केलेला हात म्या मागं घेतला.

"पुढच्या रविवारी एक पान आण. मी वाचणार, तू तोंड मिटून बसायचं. मला माणूस ऐकू आला तर शिकवीन. नाहीतर स्टेज कर बाबा, तिथे तू छान आहेस. माझ्याकडे नको येऊस."

छान आहेस म्हणलेलं एवढं कधी लागलं न्हवतं. आठवडाभर बूड टेकंना. लिहायचो, फाडायचो, स्टँडवर जाऊन यायचो, परत लिहायचो. जेवताना पाय हलायला लागला की आई ताट धरून बसायची.

बुधवारी वडलांनी, आमच्या आण्णांनी, गॅसच्या टाकीसाठी फोन लावला. तिकडनं रेकॉर्ड वाजली, "कृपया प्रतीक्षा करा." आण्णा तिलाच म्हणले, "व्हय बाई, म्या हाय हितंच. तुमची कामं उरका सावकाश." दर मिनिटाला ती तेच म्हणायची आन आण्णा तिला नव्यानं धीर द्यायचे. म्या ते ऐकलं तसंच लिहिलं. 'म्या' लिहिताना कान गरम झाला.

रविवारी बाईंनी पान घेतलं. तसंच सपाट. म्या हात मांडीखाली दाबून बसलेलो. एकदा नुसतं "बाई, हितं जरा…" म्हणलो, तर त्यांनी बोट वर केलं.

"व्हय बाई, म्या हाय हितंच." बाईंनी वाचलं आन थांबल्या. हसल्या न्हाईत. संपलं आपलं, म्हणलं. तेवढ्यात त्यांनी तीच ओळ परत वाचली. या खेपेला हळू, जरा खालच्या आवाजात.

"हे बोलताना वडील उभे होते ना रे?"

उभं हुते. फोन लागला तसे ओट्यावरनं उठले हुते, कुणी साहेबीण म्होरं असल्यागत. पण म्या ते लिहिलं न्हवतं कुठंच.

"तुमाला कसं कळलं?"

"बसून असं कोण बोलतं? किती वेळ उभे होते?"

"टाकी नोंदवून हुईस्तोवर. आई म्हणत हुती, आवो बसा की. तर तिलाच हातानं गप बस म्हणले."

"मग ते कुठाय? लिही की. पुढच्या रविवारी आण."

"रविवार कशाला बाई, आत्ताच लिहितो," म्या म्हणलो, आन त्यांच्याच हातातला पेन वढला.