गालाला विचारा

"डोळ्यांना काय कळतं? गालाला विचारा," असं म्हणत ताई ठाणातलं कापड उचलत आणि भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, आपल्या गालाला लावत. डोळे मिटलेले, मान थोडी कललेली. दुकानदार हातातली कात्री तशीच धरून थांबे. गालाने निकाल दिला की त्या डोळे उघडत आणि बहुतेक वेळा म्हणत, "नाही. चावतंय."

चौक बाजारातल्या एका जुन्या दुकानदाराने एकदा वैतागून विचारलं होतं, "बहनजी, कपड़ा लेना है कि रिश्ता करना है?"

"रिश्ता ही समझो भैया. बच्चा इसको लेके सोएगा," ताई म्हणाल्या. बिचाऱ्याने निमूटपणे वरच्या फळीवरची मलमल काढली. तीही चावलीच.

तुमच्याही कॉलनीत अशी एखादी ताई असेल. आमच्या या ताई मूळच्या नागपूरच्या. यजमान इथे भोपाळच्या मोठ्या कारखान्यात, त्यामुळे निम्मा संसार बरखेड्याच्या क्वार्टरात आणि निवृत्तीनंतरचा निम्मा आनंदनगरातल्या स्वतःच्या घरात झाला. त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत. भोपाळच्या निम्म्या मराठी घरांत त्यांच्या हातची कापडी बाहुली असेल. मी त्यांच्याकडे शिकायला म्हणून गेले आणि मग सवयच लागली. दुपारी जेवणं झाली की मी आपली त्यांच्या ओसरीवर. त्या चिंध्या निवडायच्या आणि मी सुईत दोरा ओवून द्यायची. त्या वयातही चष्म्याविना टाका घालणाऱ्या ताईंना दोरा मात्र ओवता येत नसे.

खुद्द बाहुलीला नवं कापड त्यांना नावालाही चालायचं नाही. बाजारात त्या जायच्या त्या फक्त बाहुलीच्या फ्रॉकसाठी. अंगाला आणि चेहऱ्याला जुनंच हवं.

"आपल्यात बाळाला पहिलं कापड जुनंच घालतात न? आजीच्या लुगड्याचं. काहून? ते माणसात मुरलेलं असते म्हणून. मग बाहुलीनं काय पाप केलं?"

पोटात कापूस भरायचा तोही पिंजून घेतलेला. उशीतलं ते पांढरं, फुगणारं काहीतरी कुणी आणून दिलं तर त्या दोन बोटांत धरून परत करायच्या. कापसात कडुलिंबाची वाळलेली पानं. डोळ्यांना बटणं नाहीत, पोरं गिळतात म्हणून. डोळे दोऱ्याचे आणि तेही सगळ्यात शेवटी. "आधी डोळे दिले तर आपण सुया टोचतो ते ती पाहत राहील न," असं त्या इतक्या गंभीरपणे म्हणत की हसायची सोय नसे.

त्यांचं घोडं अडायचं ते चेहऱ्याच्या रंगापाशी. गुलाबी कापडाची केली तर मड्डम दिसते, पिवळट केली तर काविळीतून उठलेली. त्यांना हवा होता भिजवलेल्या कणकेचा रंग. "आपल्या घरातली पोरगी वाटली पाहिजे," त्या म्हणायच्या. एकदा पांढरा मांजरपाट चहात उकळून पाहिला. घरभर चहाचा वास सुटला आणि कापड निघालं ते फरशी पुसायच्या फडक्याच्या रंगाचं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, आतून ओरडले, "चहा झाला असेल तर मला पण द्या!" ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यांच्याबद्दल लिहिताना हे आठवतं आणि मला माझाच राग येतो, कारण अजूनही हसू येतं.

मग माझी आई वारली. नागपूरला. भावाने विचारलं, तुला काय हवं? मी तिची मूळची दुधी, वापरून गव्हाळ झालेली सुती साडी मागून घेतली. चॉकलेटी काठाची. ती आईच्या रोजच्या नेसणीतली होती. देवघराच्या खिळ्याला अडकून फाटली तेव्हा पांढरा दोरा संपला होता म्हणून तिने निळ्या दोऱ्याने रफू केलं होतं. "आतल्या घडीत जातं, कोण बघतंय," म्हणाली होती.

माझ्या मुलीचे तेव्हा पुण्यात दिवस भरत आले होते. पणतवंडाचं तोंड बघायचं आईच्या मनात फार होतं, ते राहून गेलं. माझ्या डोक्यात आलं, त्या साडीची एक बाहुली करावी. पणजी बाळाजवळ निजेल. इतकीच माझी इच्छा होती, आणि ती पुरी करायला ताईंहून योग्य माणूस भोपाळात नव्हता.

ताईंनी साडी गालाला लावली. या वेळी डोळे उघडायला त्यांना फार वेळ लागला.

मग त्या उठून खिडकीशी गेल्या. साडीचा एक पदर उजेडात धरला, दोन्ही अंगठ्यांनी ताणला. टर्र असा बारीक आवाज झाला.

"पहा," त्या म्हणाल्या. "आईंनी लई नेसली हो. जीव राहिला नाही यात. टाका धरणार नाही वहिनी. बाळाच्या हातात उसवेल, मग तुम्हालाच वाईट वाटेल."

खरं सांगते, मला ती साडी घट्ट वाटली होती. नागपूरहून येताना गाडीत मी ती उशाला घेऊन झोपले होते. पण कापडाच्या बाबतीत ताईंपुढे माझ्या गालाचं काय चालणार? मी रडले. ताईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

"राहू द्या माझ्यापाशी," त्यांनी पाठीवर हात फिरवत म्हटलं. "भरताना चिंध्या लागतात. वाया नाही जाणार. आणि बाळाची बाहुली मी माझ्या साडीची करून देते. मीही आजीच न?"

दर गुरुवारी त्या नेसायच्या त्या पांढऱ्या साडीची त्यांनी बाहुली केली. सुंदरच केली, नाही कशाला म्हणू? चेहरा अंमळ पांढुरका होता, पण मऊ होता. बारशाला मी ती पुण्याला नेली. सगळ्यांना सांगितलं, ताईंनी आपली नेसती साडी फाडून केली. माझ्या मुलीने तिथूनच फोन करून त्यांचे आभार मानले.

पुण्यात मी दिवाळीपर्यंत राहणार होते. तसं ताईंना सांगूनही गेले होते. पण लेकीच्या सासूबाई लवकर आल्या, दोन दोन आज्यांची त्या घरात दाटी व्हायला लागली, आणि मी परतले. आले त्याच रविवारी आमच्या मराठी मंडळाचा आनंदमेळा होता. ताईंना चकित करू म्हणून न कळवताच गेले. ते मात्र साधलं.

ताईंच्या टेबलासमोर गर्दी होती. कुणीतरी म्हणत होतं, "इनके फेस कितने नॅचरल हैं!" मी मागून हात घालून एक बाहुली उचलली. सवयीने गालाला लावली.

डोळे मिटलेले होते माझे. आणि समोर आई.

कसं सांगू? वास नव्हता, तो धुतला गेला होता. पण तो मऊपणा माझ्या ओळखीचा होता. लहानपणी मी त्याच्यात नाक पुसलं आहे. तरी मनाची समजूत काढली, अशा साड्या काय एकच असतात? म्हणून त्या बाहुलीचा फ्रॉक वर केला. पाठीवर, कंबरेपाशी, निळ्या दोऱ्याचं रफू होतं.

टेबलावर ओळीने तेच चेहरे. कणकेच्या रंगाचे. घरातल्या पोरींसारखे.

ताई खुर्चीत बसून एका बाहुलीला डोळे घालत होत्या. मला बघून त्यांची सुई थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

"कधी आल्या?" त्यांनी विचारलं.

"ताई, ही टाका धरणार नव्हती ना?"

बाजूच्या बाईने एक बाहुली पुढे केली, "भाभी, ये वाली पैक कर दो." ताईंनी ती पिशवीत घालून दिली. मी बघत राहिले. माझी आई पिशवीतून गर्दीत निघून गेली.

"तुम्ही एक बाहुली केली असती वहिनी," ताई खाली बघतच म्हणाल्या. "बाकीची पेटीत ठेवली असती. कसर लागली असती तिला. मी तो रंग किती वर्षं शोधला, तुम्हीच होत्या न सोबत?"

"मग मागायची होती."

"दिली असती?"

"दिली असती, ताई. एक बाहुली ठेवून सगळी दिली असती."

हे खरं होतं आणि ते त्यांनाही कळलं. कारण त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"उरलीय का थोडी?" मी विचारलं. मला माझाच आवाज भिकाऱ्यासारखा वाटला.

"नाही उरली."

"चिंध्या तरी?"

त्यांनी टेबलाकडे हात केला. "पोटात गेल्या यांच्या."

मग त्यांनी माझ्या हातातली, निळ्या रफूची बाहुली माझ्याकडेच सरकवली. "ही घ्या. तुमचीच आहे."

"माझी असेल तर इथे टेबलावर कशी?" मी म्हणाले, बाहुली खाली ठेवली आणि निघून आले. लोक म्हणतील, घ्यायची होती. मलाही रोज तसं वाटतं. पण त्या क्षणी ती घेतली असती तर ताईंनी मला ती दिल्यासारखी झाली असती, आणि तेवढं मोठेपण मला त्यांना द्यायचं नव्हतं.

साडीचं दुःख एका बाजूला. मला सलतं ते वेगळंच. गालाला विचारायला मला त्यांनीच शिकवलं. आणि नेमकं त्या एका दिवशी मी माझ्या गालाचं सोडून त्यांचं ऐकलं, कारण माझा गाल खोटं बोलेल, ताई बोलणार नाहीत, असं मला वाटलं होतं.

त्यानंतर त्यांची ओसरी मला बंद झाली, म्हणजे मीच केली. पुढच्या उन्हाळ्यात ताई आणि काका मुलाकडे रायपूरला कायमचे गेले. टेम्पो भरला जात होता तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ताई फाटकाशी उभ्या राहून बराच वेळ आमच्या घराकडे बघत होत्या. दोरीवरची चादर मी जरा मोठी पसरली. आता त्या घरात कोणी बँकवाले राहतात आणि ओसरीवर त्यांची स्कूटर असते.

आई या शहरात कुठे कुठे आहे, मला माहीत नाही. कोलारला असेल, बरखेड्यात असेल. कुठलंतरी पोर तिच्या चेहऱ्याला लाळ लावत असेल. एरवी मला ते फार आवडलं असतं.

पुण्याची नात आता बोलायला लागली आहे. त्या पांढुरक्या बाहुलीशिवाय ती झोपत नाही. घरात सगळे "ताईंची बाहुली, ताईंची बाहुली" म्हणायचे, म्हणून तिने बाहुलीचं नावच ताई ठेवलं. लेकीला मी मेळ्यातलं सगळं सांगितलं आहे. ती म्हणते, "आई, काढून घेऊ का हिच्याकडून?" मी म्हटलं, तिने काय पाप केलं?

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. नात आधी स्वतःचा गाल पुढे करते. मी इकडून पापी देते. मग ती बाहुली अख्ख्या स्क्रीनवर धरते, इतकी जवळ की साडीची वीण दिसते.

"आजी, आता ताईला."

मी काहीतरी बोलून वेळ काढते. जेवलीस का, बाबा आला का. पण ती पठ्ठी हलत नाही.

"ताईला दे ना!"

मग मी फोन उचलते आणि त्याची काच गालाला लावते. काच गार असते.

"दिली?" पलीकडून विचारणा होते.

"दिली गं," मी म्हणते.