ओनेझिमचे बूट

कल्पना करा, वसंतात फुगलेल्या कुलोंज नदीत गिरणीकडे वाहत सोडलेले पाइनचे हजारो ओंडके एकमेकांत अडकलेत आणि तुम्ही त्या ढिगावर उभे आहात. तळाला खिळे ठोकलेले बूट, हातात लांब दांड्याची आकडी. सगळा भार ज्या एका ओंडक्यावर आहे तो हुडकायचा, सैल करायचा आणि ढीग सुटायच्या आत काठ गाठायचा. माझे पणजोबा ओनेझिम यांनी ओंडका बरोबर हुडकला. काठ त्यांना गाठता आला नाही.

आमच्या खोऱ्यात बुडालेल्याला तिथंच काठावर पुरत आणि त्याचे बूट वरच्या झाडाला टांगत. त्यांना आणि त्या झाडाला कोणी हात लावत नसे. थडग्याची तेवढीच खूण. ओंडके पुढे गेलेले असत, थांबायला कोणालाच सवड नसे.

पणजीचा, ओझिल्डाचा, धाकटा भाऊ दामास ओनेझिमच्याच टोळीत होता. हंगाम संपवून आला आणि त्यानं झाडावरून काढलेले ओनेझिमचे बूट टेबलावर ठेवले.

"हे कशाला आणलेस?"

"नवे आहेत, ताई. तिथं कुजले असते. तुझ्या थोरल्याला होतील पुढेमागे."

"आणि ह्यांना मी शोधू कशी?"

"मी आहे ना. डोळे बांधून नेईन तुला."

पुढच्या उन्हाळ्यात ती पाद्रीबाबांना घेऊन निघाली. त्यांनी प्रार्थना म्हणून ती माती पवित्र केली नाही, तर नवरा जनावरासारखा पुरलेला राहणार होता. पण मधल्या हिवाळ्यात लाकडाच्या कंपनीनं दोन्ही काठांवरची झाडं तोडून नेली होती. जिकडे तिकडे खुंट. दामास एका खुंटापाशी थांबला, मग दुसऱ्या.

"इथंच कुठंतरी."

"डोळे बांधून बघ," पणजी म्हणाली. "उघड्यांनी दिसत नाहीये तुला."

"पलीकडचा काठ असेल कदाचित."

पाद्रीबाबांनी नदीवरच पवित्र पाणी शिंपडलं आणि गाडी वळवली.

बूट थोरल्यानं घातले. घरात दुसरे नव्हतेच. तेच घालून तोही नदीवर गेला, आणि पणजीला त्याला अडवता आलं नाही.

दामास रविवारी जेवायला यायचा. पणजी वाटाण्याचं सूप वाढायची, पण आधी विचारायची. तो कधी डावा काठ म्हणे, कधी उजवा. एकदा वैतागला. "तीस वर्षं झाली, ताई. आता पुरे की."

"तुझ्या बायकोची कबर कुठंय, ठाऊक आहे ना तुला?"

त्यानं वाडगा पुढे केला.

त्याच्या शेवटच्या आजारात पणजी उशाशी बसली होती. त्याला धड बोलताही येत नव्हतं. तिनं त्याचं तोंड पुसलं आणि वाकून म्हणाली, "दामास, बूट काढलेस तेव्हा नदी तुझ्या कोणत्या हाताला होती?"