निवेदकाला आधी गप्प करा

फिल्म बनवायला निघालात तर ती पुरी होईल की नाही ते सांगता येत नाही, पण किस्से रिळाच्या आधी भरतात. बहरीनच्या राजधानीत, मनामात, हनीफभाईंचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे आम्ही चहाला जमलो की कुणीतरी एक किस्सा काढतो आणि बाकीचे त्याच्या मागून आपोआप निघतात.

सत्तरचं दशक संपता संपता मी कॅनडात शिकून बहरीनला परत आलो. कॅनडातल्या मूळ रहिवाशांवर वर्षानुवर्षं दुसऱ्यांनीच फिल्म काढल्या होत्या. आता त्यांनी स्वतः कॅमेरा हातात घेतला होता. ते पाहून मी पेटलो होतो. अब्बा मीना सलमान बंदरातल्या एका गोदामात क्लार्क. त्यांनी विमानतळावरच विचारलं, "आता पुढे काय?"

"फिल्म."

"कुणाच्या लग्नाची?"

*

अब्बास आमच्यातला खरा बहरीनी, बुदैयाजवळच्या एका कोळ्यांच्या गावचा शाळामास्तर. तो लहान असताना एका परदेशी कंपनीने त्याच्या गावावर फिल्म काढून घेतली आणि मागोमाग भराव घालून गावाचा किनारा बुजवला. फिल्ममध्ये सगळं गाव दिसतं, बोलत कुणीच नाही. बोलतो तो फक्त एक इंग्रज निवेदक, भारदस्त आवाजात: हे साधेभोळे लोक, समुद्राचा उपयोग ह्यांना ठाऊक नाही. आणि हे तो बोलतो तेव्हा पडद्यावर अब्बासचे वडील जाळं विणत बसलेले असतात!

वडील पुढे वारले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. त्या परक्या आवाजाखालून अब्बासला आपला बाप सोडवायचा होता.

म्हणून आम्ही ठरवलं, नवीन काही शूट करायचंच नाही. कंपनी ती फिल्म शाळांना दाखवायला देतेच. ती आणायची, आवाज बंद करायचा, गावातल्या भिंतीवर लावायची आणि गाव जे बोलेल ते टेप करायचं. चित्र गावाचं, आता आवाजही गावाचाच.

*

पहिल्या दिवशी सगळं गाव चटयांवर बसलं आणि मी माइक हातात घेऊन उभा राहिलो. तुमचा आवाज हा तुमचा हक्क आहे, तो कुणी हिरावू शकत नाही, असं बरंच बोललो. हिंदीत, कारण मुंबईशी जुन्या व्यापारामुळे तिथल्या म्हाताऱ्यांना हिंदी छान येतं. पुढे अब्बासची आई बसली होती, उम्म अब्बास. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, तू चुप हो जा, फिर हम बोलेगा."

माझा माइक तेव्हापासून हनीफभाईंकडे असतो.

*

गावातले हाजी जासिम पडद्यावर आले. डोळे विस्फारलेले, दोन्ही हात वर. मूळ फिल्ममध्ये इथे निवेदक म्हणतो की यंत्र पाहून हा भोळा कोळी भेदरला आहे. ते अब्बासने हाजींना समजावून सांगितलं.

"भेदरलो होतो, खरं आहे," हाजी म्हणाले. "तो कॅमेरावाला मागे मागे सरकत होता आणि त्याच्या मागे समुद्र होता."

*

मग उम्म अब्बास स्वतः, तरुणपणची, डोक्यावर घागर घेऊन चाललेली. निवेदकाने इथे वाळवंटातल्या स्त्रीच्या खडतर आयुष्यावर गळा काढला होता. उम्म अब्बास हसत सुटली. विहीर त्यांच्या घराशेजारीच होती. पण फिल्मच्या युनिटला उजेड चांगला पडतो म्हणून लांबची हवी होती. शिवाय घागर रिकामी. माझी चाल बघा ना, ती म्हणाली, भरली घागर घेऊन अशी कुणी मिरवतं का?

*

टेपची बातमी कंपनीत पोचली आणि पीटरकाका दुकानात आले. मूळचे वसईचे, अब्बांचे जुने दोस्त, कंपनीच्या पब्लिक रिलेशन्समध्ये. गाव कंपनीच्या माणसांशी किनारा बुजवल्यापासून बोलत नव्हतं. आता कंपनीच्या साहेबाला समेट हवा होता. फिल्म दाखवायला हॉल देणार, गावातल्या मोठ्यांशी हात मिळवणार, पेपरात फोटो. फक्त किनाऱ्याबद्दल लोक जे बोललेत तेवढं टेपवर नको.

मी उसळलो. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने फोटोत हसायचं, ह्याला समेट म्हणत नाहीत, असं ऐकवलं. काकांनी हात जोडले. "अरे, जुनं झालं ते. साहेब म्हणतात, मिटवून टाका."

हनीफभाई मशीन पुसत होते. त्यांनी मान वर केली.

"पीटरभाऊ, काय मिटवू? भांडण की टेप?"

काका चहा तसाच ठेवून गेले.

*

हा निरोप आम्ही गावात सांगितला. उम्म अब्बास म्हणाली, हॉल नको, फोटो नको. साहेबाला इथे येऊ दे, चटईवर बसू दे आणि आधी ऐकू दे. हात मिळवायचा की नाही ते नंतर बघू.

आणि साहेब आला! सूट सांभाळत चटईवर बसला, शेजारी दुभाषे म्हणून पीटरकाका. फिल्म सुरू झाली, हनीफभाईंनी टेप लावली. हाजींचं सांगून झालं, विहिरीचं झालं. किनाऱ्याबद्दल गाव जे जे बोललं होतं, तेही काकांनी एक शब्द न गाळता साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेब मान हलवत राहिला.

मग भिंतीवर अब्बासचे वडील आले. जाळं विणता विणता त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. उम्म अब्बासने हात वर केला. हनीफभाईंनी टेप थांबवली. ती उठून भिंतीजवळ गेली आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागली.

साहेब पीटरकाकांकडे झुकला. त्या काय म्हणतायत, त्याने विचारलं.

तीस वर्षं साहेबांचे शब्द इकडून तिकडे नेणारे आमचे पीटरकाका समोरच बघत राहिले.

"सर, त्या तुमच्याशी बोलत नाहीयेत."