चाव्या नसलेला पहारेकरी

तुरुंगात चोवीस वर्षं पहारा दिलेला माणूस एका सकाळी चहा पिता पिता बायकोला म्हणाला, "मला देवाचं बोलावणं आलंय."

तिने कप आदळला. "सकाळी सकाळी कसलं अभद्र बोलता!"

मग त्याने नीट फोड करून सांगितलं: नोकरी सोडायची, धर्मशास्त्रात एम.ए. करायचं आणि कैद्यांना धीर देणारा धर्मसेवक व्हायचं. तिने कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं त्यांना कोंडलंत, आता त्यांचीच समजूत घालणार?"

ते त्याला लागलं, पण त्याने नाव घातलंच. पन्नाशीत पोरासोरांच्या शेजारी बाकावर बसला, पहिलं वर्ष कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिक आलं: कैद्यांना भेटायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं. आणि तेही नेमकं त्याच्याच जुन्या तुरुंगात.

फाटकावर जुने सोबती हसले. त्याचा हात सारखा कमरेकडे जात होता, पण तिथे चाव्या नव्हत्या.

भेटीच्या खोलीत लांब्या नावाचा कैदी बसला होता. तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरातल्या मुकादमाने चुगली केली, म्हणून याच पहारेकऱ्याने त्याला अकरा दिवस एकांतकोठडीत टाकलं होतं. चुगली खोटी निघाली. माफी कुणीच मागितली नव्हती.

"इथलं बोलणं बाहेर जात नाही ना?" लांब्याने विचारलं.

"नाही."

लांब्याने जिभेखालून ब्लेडचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "हे उद्या मुकादमाच्या गळ्यावर. कुणाला तरी सांगावंसं वाटलं."

कुणाच्या जिवावर बेतत असेल तर गप्प राहता येत नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं असतं. शिकवणाऱ्या बाईंनी वर्गात दहादा बजावलं होतं, आणि पहारेकरी ते साफ विसरला होता. घंटेचं बटण कोपरापाशीच होतं. दाबलं की चार जण धावत आले असते.

त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"तुला कोंडलं ती चूक माझी. चौकशी न करता कोंडलं."

"आज आठवलं?"

"रोज आठवतं. आणि ऐक, मघाशी मी चुकीचं बोललो. हे मला बाहेर सांगावंच लागेल."

लांब्याची बोटं पात्यावर गेली. मान ताठ झाली. "म्हणजे पुन्हा तेच. तुम्ही लोक सगळे सारखेच."

"तू स्वतःहून दिलंस, असं मी लिहून देईन. दोघं मिळून सांगू."

पहारेकऱ्याने हात टेबलावरून हलवले नाहीत. शेवटी लांब्याने एका बोटाने पातं पुढे सरकवलं. "पुन्हा तोंड दाखवू नका."

मुकादमाची बदली झाली. पातं स्वतःहून दिलं म्हणून लांब्याची शिक्षा वाढली नाही. बाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि त्याला प्रात्यक्षिकात नापास केलं. "तुम्ही निभावलंत खरं, पण त्याला फसवून सुरुवात केलीत. पुन्हा करा."

वर्ष लांबलं. बायको चिडली नाही, फक्त म्हणाली, "बरोबर केलं बाईंनी." त्याने मान डोलावली आणि पुन्हा त्याच तुरुंगात गेला. समोर कुणीही बसो, आधी नियम सांगायचा आणि मग ऐकायला बसायचं.

लांब्या मात्र वर्षभर फिरकला नाही. पदवी मिळायच्या महिनाभर आधी त्याची चिठ्ठी आली: 'गुरुवारी. दहा मिनिटं.'

गुरुवारी लांब्याने त्याला नियम पुरता सांगू दिला. मग म्हणाला, "बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला भीती वाटतेय."

पहारेकऱ्याने खुर्ची पुढे ओढली.