हातातलं रक्त तिनं दिलं असतं

आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर मामा बायकांशी बोलायचे ते समोरच्या काचेकडे बघून. गाडी सिग्नलला उभी असली तरी त्यांची मान मागे वळायची नाही. "खिडकी लावा ताई, धूळ येतीया," हेसुद्धा ते रस्त्यालाच सांगायचे. नव्या मुलीला वाटायचं, ड्रायव्हर फोनवर कुणाशी तरी बोलतोय. मामा मूळचे मावळातले. परक्या बाईच्या तोंडाकडे बघून बोलायची त्यांच्याकडे रीत नव्हती, आणि आमची बस तर अख्खी बायकांची.

मी रहाटणीला चढायची. मग पिंपळे सौदागर, नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत बस चाकणला पोचायची. गाड्यांच्या वायरिंगच्या जोडणीचं आमचं काम, त्यामुळे विभागात सगळ्या बायकाच. एखादी दिसली नाही तर बाकीच्या बसचे ड्रायव्हर वेळ झाली की निघायचे. मामा थांबायचे. "लेकराचं आवरत आसंल," म्हणायचे. कुणी कुरकुर केली की शांतपणे सांगायचे, "परवा तुमच्यापायी थांबलो हुतो." मग कुरकुरणारी गप्प.

मामींना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या हातचा ठेचा सगळ्यांना माहीत होता. मामांच्या डब्याबरोबर एक जादा डबी यायची आणि ती बसमधून मागपर्यंत फिरायची. "तिला सवय हाय, जास्तीच करती," एवढंच मामा म्हणायचे, पण रिकामी डबी परत आली की त्यांचा चेहरा खुलायचा.

मग ती डबी यायची बंद झाली. मामा कँटीनमध्ये जेवू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पोटाचं दुखणं हाय तिचं." पुढे मामाच रजेवर गेले आणि बदली ड्रायव्हर आला. परतले ते मामींची दशक्रिया उरकून. गालफडं बसली होती. आम्ही काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या कंपनीत आरोग्य शिबिर झालं. एक डॉक्टरबाई संशोधनासाठी आल्या होत्या. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरबद्दल त्या बोलल्या. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. हा आजार सुरू झाला की त्यातल्या काही वाढतात, काही कमी होतात, काही थकतात, आणि त्यांच्या अंगावरची चिन्हंही बदलतात. ती चिन्हं ओळखता आली तर उद्या नुसत्या रक्तावरून संशय घेता येईल. त्यासाठी आजारी आणि निरोगी, दोन्ही बायकांचं रक्त हवं होतं. पण ताडून बघायचं म्हणून आतली नेहमीची तपासणीही करावी लागणार होती. ते ऐकलं आणि आम्ही सगळ्या जमिनीकडे बघायला लागलो. एकीनंही हात वर केला नाही.

परतताना बसमध्ये त्याच गोष्टीवरून हसणं-खिदळणं चाललं होतं. मोशीच्या सिग्नलला गाडी थांबली आणि मामा काचेकडे बघत बोलायला लागले.

"माझी बायकू त्याच आजारानं गेली. पोटाचं दुखणं म्हणून सांगितलं हुतं मी तुमास्नी. खोटं बोललो. पाळी जाऊन चार वर्सं झाली हुती, तरी तिला रगत जायचं. वरीसभर कुनाला बोलली न्हाई. दवाखान्यात नेली तर म्हनली, मेले तरी तिथं हात लावू द्यायची न्हाई. लावू दिला तवा लई उशीर झाला हुता. हातातलं रक्त मागितलं असतं तर तिनं दिलं असतं. आता ह्या बाई तेच शोधायला निघाल्यात. तुमी कुनी गेलाच न्हाईत, तर त्यास्नी सापडायचं कसं?"

सिग्नल सुटला होता. मागच्या ट्रकने हॉर्न दिला, तशी मामांनी गाडी काढली.

रविवारी आम्ही बऱ्याच जणी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेलो. मामाही आले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. आतली तपासणी मला वाटली होती त्याच्या मानाने काहीच नव्हती. अवघडल्यासारखं झालं, आणि संपली. एवढ्याच गोष्टीसाठी मामी गेल्या, हे कपडे सारखे करताना मनात आलं आणि मला रडू फुटलं.

डॉक्टरबाई बाहेर आल्यावर मामा उठून उभे राहिले. "बाई, रक्तातनं कळंल का?" त्यांनी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत विचारलं.

"अजून अभ्यास चालू आहे, मामा. आज तरी तपासणीला दुसरा मार्ग नाही."

"हे तवा असतं, तर तिचं कळलं असतं?"

"मी सांगू शकत नाही. कदाचित."

मामांनी मान हलवली. जिना उतरताना मला म्हणाले, "खोटा धीर दिला न्हाई, ते बरं केलं."

जिन्याखाली ते घुटमळले. त्यांची मुलगी सुजाता लग्न होऊन पिंपळे सौदागरला राहत होती. "तिला तेवढं सांगाल का, ताई? तपासून घे म्हनावं. माझ्याच्यानं व्हत न्हाई." अख्ख्या बसला सांगणारा माणूस पोटच्या मुलीशी हे बोलू शकत नव्हता.

मी गेले. सुजाता एका शाळेत शिक्षिका आहे. तिने चहा केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सगळ्या बसला सांगितलं त्यांनी. आईला एकदा तरी विचारलं होतं?"

मी कप खाली ठेवला.

"आई रोज पहाटे उठून डागाचे कपडे धुवायची, शेवटी शेवटी सांगितलं तिने मला. त्यांना दिसू नयेत म्हणून. आणि हे तिच्यावर ओरडायचे, एवढं पाणी कशाला सांडतेस म्हणून. एका घरात राहत होते दोघं." ती माझ्याकडे रोखून बघत होती. "तुम्हाला ते देवमाणूस वाटतात. वाटू दे. मला नका सांगू."

दुसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "काय म्हनली?" मी काही लपवलं नाही. पाण्याचंही सांगितलं. त्यांनी स्टेअरिंगवरचे हात खाली घेतले. "खरं हाय," म्हणाले. "वरडायचो मी. ती नुसती हसायची." मग खाली उतरून ते उगाच टायर बघत राहिले.

त्याच वर्षी मामा निवृत्त झाले आणि गावी गेले. आम्ही त्यांना शाल-नारळ दिला. बोला म्हटलं तर, "संबाळून जात जा," एवढंच बोलले.

पावसाळा संपता संपता सुजाताचा मला फोन आला. तपासणीला जायचंय, बरोबर येता का, म्हणून. का मन वळलं ते तिने सांगितलं नाही. तिला कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेला लागलेल्या पेशी सापडल्या. छोट्याशा उपचारात त्या काढून टाकता आल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आलीस. बाहेर येऊन सुजाता म्हणाली, "या रविवारी गावी जाते. बाबांना मीच सांगते."

रविवारच्या आधीच मामांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सुजाता गावीच जाऊन राहिली. त्यांना पेजेचा घास भरवता भरवता तिने सगळं सांगितलं. तपासणीचं, उपचाराचं, आईचं, पाण्याचं. मामांना किती कळलं कोण जाणे. घशातून आवाज काढायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. शेवटी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं आणि ती उठेपर्यंत सोडलं नाही. दिवाळीनंतर ते गेले.

दहाव्याला आमच्या बसमधल्या कितीतरी जणी रजा टाकून गेलो होतो. सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. "त्यांना बोलता येत होतं तेव्हा मी बोलले नाही," म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

ते संशोधन अजून चालू आहे. डॉक्टरबाई म्हणतात, खुणा दिसताहेत, पण खात्रीने सांगायला अजून पुष्कळ बायकांचं रक्त तपासावं लागेल. त्यांनी बोलावलं की आम्ही जातो. उपचारानंतर पेशींमध्ये काय फरक पडतो ते बघायचं असतं, म्हणून सुजाताही येते.

गेल्या वेळी एक नवी नर्स होती. दंडाला पट्टा बांधताना तिने सुजाताला नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कुणाला हा आजार होता का?

"आईला."

"वडील?"

"आता नाहीत," सुजाता म्हणाली. तिने मूठ घट्ट आवळली, शीर वर आली. नर्सने सुई उचलली तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "चांगले होते."